विश्लेषण : मेंदूतील ‘जागल्या’ पेशी प्रयोगशाळेत कशा वाढवतात? विदर्भाला त्याचे काय?

मेंदूज्वर असो की फवारणीची विषबाधा, मेंदूचे नुकसान होण्यात मेंदूतल्याच रक्षक पेशींचा वाटा किती, हा प्रश्न विदर्भाला परका नाही. उत्तर शोधायचे तर या पेशी मेंदूबाहेर काढून वाढवाव्या लागतात. ते काम कसे चालते आणि त्यातून निघालेल्या निष्कर्षांवर किती विसंबायचे, याविषयी…

पावसाळा सुरू झाला की विदर्भातील सरकारी रुग्णालयांत दोन प्रकारच्या रुग्णांकडे विशेष लक्ष असते. पहिला प्रकार तापाने फणफणून काही तासांतच झटके येऊ लागलेल्या लहान मुलांचा. दुसरा, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकरी आणि शेतमजुरांचा. यवतमाळ जिल्ह्याने २०१७च्या हंगामात या दुसऱ्या प्रकाराचा कहर पाहिला. वीसहून अधिक जणांचा जीव गेला आणि शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह ठिकठिकाणच्या रुग्णालयांत दाखल करावे लागले. पहिल्या प्रकारातील एका विषाणूला तर नावच विदर्भाने दिले आहे. १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केलेला ‘चांदीपुरा’ विषाणू हा नागपूरच्या चांदीपुरा भागातला.

एकीकडे विषाणू, दुसरीकडे रसायन. कारणे वेगळी, उपचारही वेगळे. पण दोन्ही वेळी मेंदूत एकाच जातीच्या पेशी खडबडून जाग्या होऊ शकतात. त्यांचे नाव मायक्रोग्लिया.

मायक्रोग्लिया म्हणजे काय?

शरीरात जंतू शिरला तर रक्तातील पांढऱ्या पेशी धावून जातात. मेंदूभोवती मात्र रक्तवाहिन्यांची विशेष तटबंदी असते, त्यामुळे या पेशींना तिथे सहज प्रवेश नाही. म्हणून मेंदूला स्वतःची राखण करणाऱ्या पेशी दिलेल्या आहेत. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ हॉर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षारांनी मेंदूचे पातळ काप रंगवून या पेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. मेंदूतील एकूण पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के पेशी या जातीच्या असतात.

त्यांचा जन्म मेंदूत होत नाही. गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला गर्भाबाहेरच्या पीतक कोशात त्या तयार होतात आणि तिथून मेंदूत येऊन कायमच्या वस्तीला राहतात. उंदरांवरील प्रयोगांतून २०१० मध्ये हे ठोसपणे दाखवले गेले. त्याआधी, २००५ मध्ये, जिवंत उंदराच्या मेंदूत विशेष सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली होती. या पेशी एका जागी असल्या तरी त्यांच्या बारीक फांद्या सतत हलत, चाचपत असतात. दर काही तासांनी सारा मेंदू एकदा तपासून होईल, इतकी ही गस्त दाट असते.

पीक राखायला रात्रभर मचाणावर बसणाऱ्या जागल्यासारखे हे काम आहे. एरवी शांत, पण खुट्ट झाले की सावध. मेलेल्या पेशी उचलणे, निकामी जोडण्या छाटणे, जंतू गिळणे ही त्यांची रोजची कामे. अडचण पुढेच आहे. रानडुक्कर हाकलताना पीकही तुडवले जावे, तसे कधी कधी मेंदूत घडते. चवताळलेल्या मायक्रोग्लिया सायटोकाइनसारखी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात आणि त्यात निरोगी चेतापेशीही मरतात.

त्या मेंदूबाहेर कशाला काढायच्या?

मेंदूज्वर झालेल्या मुलाच्या मेंदूत नेमके काय बिघडते आहे, हे थेट पाहता येत नाही. एमआरआयमध्ये सूज दिसते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत दाह कळतो, विषाणूचा पत्ताही लागू शकतो. पण चेतापेशी विषाणूने मारली की आपल्याच मायक्रोग्लियाने, हे त्यातून समजत नाही. आणि उपचाराची दिशा तर याच उत्तरावर ठरते. दोष विषाणूचा असेल तर विषाणू रोखणारे औषध हवे, रक्षकांचा असेल तर त्यांना आवरणारे.

हे ठरवायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. नुसत्या मायक्रोग्लिया घ्यायच्या आणि त्यांना विषाणू द्यायचा. त्यांच्या भोवतीचा द्रव काढून निरोगी चेतापेशींवर टाकायचा. चेतापेशी मेल्या तर मारणारी वस्तू त्या द्रवात होती, हे कळते. असा प्रयोग माणसात करता येत नाही, अख्ख्या मेंदूत करणे अवघड, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत मात्र करता येतो.

पेशी वेगळ्या कशा करतात?

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. ती वाचायला सोपी आहे, करायला तितकीच चिकाटीची.

सुरुवात एक ते तीन दिवसांच्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूपासून होते. या वयात पेशी झपाट्याने वाढतात आणि मेंदूतील तंतूंवर चरबीचे आवरण फारसे चढलेले नसते. त्यामुळे पेशी सुट्या करणे सोपे जाते. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूवरचे पातळ पडदे चिमट्याने सोलून काढतात. हे पडदे नीट निघाले नाहीत तर त्यातल्या दुसऱ्याच पेशी वाढून सगळा फ्लास्क व्यापतात. नवख्या विद्यार्थ्याचे पहिले काही प्रयत्न बहुधा इथेच वाया जातात.

पुढे मेंदूचे बारीक तुकडे करून ट्रिप्सिन या विकराच्या मदतीने पेशी सुट्या होतात. गाळून घेतलेल्या पेशी पोषक द्रवात मिसळून फ्लास्कमध्ये ठेवतात. द्रवात साखर, अमिनो आम्ले, क्षार आणि बहुतेक वेळा १० टक्के वासराच्या भ्रूणाचे सीरम असते. फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये जातो. तिथे तापमान ३७ अंश सेल्सिअस आणि हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, म्हणजे शरीरातल्यासारखी परिस्थिती.

आता वाट पाहायची. ठरावीक दिवसांनी द्रव बदलत राहायचे. चेतापेशी या वातावरणात टिकत नाहीत. अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी तळाला घट्ट चिकटून गालिचासारख्या पसरतात. मायक्रोग्लिया या गालिच्यावर सैलसर बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोल, चकचकीत मण्यांसारख्या दिसतात. खालच्या अ‍ॅस्ट्रोसाइट त्यांना वाढीसाठी लागणारे घटक पुरवतात. म्हणूनच सुरुवातीला दोघींना एकत्र वाढू देतात.

दहा ते चौदा दिवसांनी फ्लास्क हलवण्याच्या यंत्रावर ठेवतात. तास-दोन तासांच्या हेलकाव्यांनी सैल बसलेल्या मायक्रोग्लिया सुटून द्रवात येतात, घट्ट चिकटलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट तळालाच राहतात. सुपात धान्य पाखडताना हलके-जड वेगळे होते, तसेच हे. फरक वजनाचा नसून चिकटण्याचा आहे, एवढेच. द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की पेशी तळाशी गोळा होतात. एका पिल्लाच्या मेंदूतून अशा काही लाख पेशी मिळतात.

मिळालेल्या पेशी मायक्रोग्लियाच आहेत याची खात्री मग करावी लागते. त्यांच्या पृष्ठभागावरचे सीडी११बी किंवा आतले आयबीए१ हे प्रथिन चमकणाऱ्या रंगाने टिपतात. शंभरातल्या ९५ किंवा त्याहून अधिक पेशींनी ही ओळख पटवली, तर ती खेप प्रयोगाला योग्य मानतात.

प्रौढ मेंदूतील पेशी वेगळ्या करता येतात का?

येतात, पण कष्ट जास्त. अल्झायमरसारख्या म्हातारपणाच्या आजारासाठी तीन दिवसांच्या पिल्लाच्या पेशी कितपत उपयोगाच्या, हा रास्त आक्षेप आहे. प्रौढ मेंदूत चरबीचे आवरण भरपूर असते. ते दूर करण्यासाठी वेगवेगळ्या घनतेच्या द्रावणाचे थर लावून मिश्रण फिरवतात. चरबी वर तरंगते, मायक्रोग्लिया मधल्या थरात जमतात. दुसरी पद्धत चुंबकाची. सीडी११बी ओळखणाऱ्या प्रतिपिंडांना सूक्ष्म चुंबकीय मणी जोडलेले असतात. ते मायक्रोग्लियाला चिकटतात, मिश्रण चुंबकाजवळून जाताना याच पेशी अडकतात आणि बाकीच्या वाहून जातात. वेळ कमी लागतो, पण खर्च वाढतो आणि हाती येणाऱ्या पेशी तुलनेने थोड्या असतात.

मग तयार पेशी का वापरत नाहीत?

वापरतात, आणि खूप वापरतात. काही पेशींत विशिष्ट जनुके घालून त्यांना अमर्याद वाढण्याची क्षमता दिलेली असते. अशा पेशींच्या वाणाला ‘सेल लाइन’ म्हणतात. उंदराच्या मायक्रोग्लियाची ‘बीव्ही-२’ ही सेल लाइन १९९० मध्ये तयार झाली आणि आजही जगभर वापरात आहे. भारतात सेल लाइन सांभाळून संशोधकांना पुरवण्याचे काम पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, करते. ही संस्था १९८६ मध्ये याच हेतूने, पेशी आणि ऊती संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाली होती.

तयार पेशी स्वस्त पडतात, भरपूर मिळतात आणि त्यासाठी दर वेळी प्राणी मारावे लागत नाहीत. पण अखंड वाढत राहण्यासाठी बदललेली पेशी ही मेंदूतल्या शांत जागल्यासारखी वागेलच असे नाही. शिवाय ओळखीचा घोटाळा होऊ शकतो. मानवी मायक्रोग्लिया म्हणून वापरली जाणारी ‘सीएचएमई-५’ ही सेल लाइन प्रत्यक्षात घुशीच्या कुळातील प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराची, म्हणजे रॅटची, असल्याचे २०१७ मध्ये जनुकीय तपासणीत उघड झाले. ज्या प्रयोगांचे निष्कर्ष माणसाचे म्हणून छापले गेले, त्यांचा पाया त्यामुळे हलला. तेव्हापासून पेशींची जनुकीय ओळख तपासूनच प्रयोग करावा, हा आग्रह आणखी वाढला.

सर्वात मोठी अडचण कोणती?

बाहेर काढताच या पेशी बदलतात. शस्त्रक्रियेदरम्यान काढलेल्या मानवी मेंदूच्या ऊतीवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बशीत ठेवल्यावर काही तासांतच मायक्रोग्लियाच्या शेकडो जनुकांचे काम बदलते. मेंदूत असताना चालू असलेली खास जनुके मंदावतात. पेशी जणू आपण मेंदूच्या रहिवासी आहोत हेच विसरू लागते. २०२२ मधील एका अभ्यासाने आणखी एक धोका दाखवला. ३७ अंशांवर विकराने पेशी सुट्या करण्याची क्रियाच त्यांना चिथावते. मग आजारामुळे पेशी चवताळली की आपण तिला काढताना, हे कसे ठरवायचे?

त्यावर उपाय निघाले आहेत. शक्य तितके काम बर्फावर करायचे, किंवा सुट्या करतानाच जनुकांचे काम थोपवणारी रसायने वापरायची. वासराच्या सीरमऐवजी नेमके घटक मोजून द्यायचे. निरोगी मेंदूत मायक्रोग्लियाचा सीरमशी संबंध येतच नाही, त्यामुळे सीरम मिळाले की त्या जखम झाल्यासारख्या वागू लागतात. २०१७ मध्ये एका गटाने दाखवले की, अ‍ॅस्ट्रोसाइटकडून मिळणारे दोन वाढघटक आणि कोलेस्टेरॉल एवढ्यावर या पेशी सीरमविना जगतात आणि पुन्हा फांद्या काढतात.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. जंतूंच्या कवचातला एंडोटॉक्सिन हा घटक अत्यल्प प्रमाणातही मायक्रोग्लियाला चेतवतो. प्रेशर कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात, पण एंडोटॉक्सिन नाहीसे होईलच असे नाही. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास तापवावी लागतात, पाणी आणि रसायने एंडोटॉक्सिनमुक्त घ्यावी लागतात. एवढी काळजी घेतली नाही, तर विषाणूचा म्हणून नोंदवलेला परिणाम प्रत्यक्षात अस्वच्छ पाण्याचा असू शकतो. म्हणूनच प्रत्येक प्रयोगात काहीच न दिलेल्या पेशींचा वेगळा गट ठेवतात. तो शांत नसेल, तर संपूर्ण प्रयोग रद्द.

भारतात या कामातून काय हाती आले?

बशीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा प्रवास कसा होतो, याचे एक भारतीय उदाहरण आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात डॉ. अनिर्बान बसू यांचा गट जपानी मेंदूज्वरावर काम करत आला आहे. संसर्गामुळे चेतलेल्या मायक्रोग्लियातून सुटणारी दाहक द्रव्ये चेतापेशींच्या मृत्यूला कारण ठरतात, असे या गटाने २००७ मध्ये दाखवले. पुढचा प्रश्न ओघानेच आला. मायक्रोग्लियाला आवर घातला तर? मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक मायक्रोग्लियाचा चेव कमी करते. उंदरांवरील प्रयोगात त्याने जगण्याचे प्रमाण वाढले.

त्यानंतर लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात तीव्र मेंदूज्वराच्या २८१ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतरच्या मृत्यूंत औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत एकंदर ठोस फरक आढळला नाही. रुग्णालयात आल्यावर पहिल्याच दिवशी दगावलेले रुग्ण वगळले, तेव्हा मात्र औषधाच्या बाजूने आशादायक कल दिसला. थोडक्यात, उंदरात दिसलेला फायदा माणसात जसाच्या तसा उतरला नाही. वाट पूर्ण बंदही झालेली नाही. रुग्ण उशिरा पोहोचला, तर मायक्रोग्लियाला आवरण्याची वेळ निघून गेलेली असू शकते.

चांदीपुराबाबतही असे काम सुरू आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी मानवी मायक्रोग्लियाच्या सेल लाइनवर प्रयोग करून २०२१ मध्ये दाखवले की, हा विषाणू पेशीतील एका सूक्ष्म आरएनएचे प्रमाण बदलतो आणि त्यातून दाहाची साखळी सुरू होते. या आजारावर आजही खास औषध किंवा लस नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील उद्रेकात ३२९ मुले आजारी पडली, त्यांपैकी १८३ दगावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आढळले, ८२ मृत्यू झाले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा निश्चित झाला, बहुतेक गुजरातमधील. आजार इतका वेगाने बळावतो की अनेक मुले पहिल्या एक-दोन दिवसांतच दगावतात. म्हणून त्या पहिल्या तासांत मेंदूत काय घडते, हे समजणे मोलाचे.

फवारणीच्या विषबाधेशी याचा संबंध काय?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके. नसांमधील संदेश थांबवणारे विकर ती बंद पाडतात. त्यामुळे घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, स्नायूंची फडफड आणि श्वास अडखळणे ही लक्षणे दिसतात. अ‍ॅट्रोपिनसारखी औषधे यावरच काम करतात. पण तीव्र विषबाधेतून वाचलेल्या काहींना पुढे स्मरणशक्ती, लक्ष, मनःस्थिती यांच्या तक्रारी राहतात, असे जगभरातील अभ्यासांत नोंदले आहे. याच गटातील रसायनांची तीव्र विषबाधा दिलेल्या उंदरांत विकराचा पहिला आघात ओसरल्यानंतरही मायक्रोग्लिया कित्येक दिवस, आठवडे चेतलेल्या दिसल्या.

या दोन निरीक्षणांत कार्यकारणभाव आहे का, हे उंदरांवरून थेट सांगता येणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळात अनेकांच्या अंगात एकाहून अधिक रसायनांचे मिश्रण गेले होते. कोणते रसायन मायक्रोग्लियाला चिथावते, किती मात्रेत, आणि मिश्रणाने परिणाम वाढतो का, हे एकेक करून तपासायला पेशींची बशी हे सोयीचे साधन आहे. मात्र तिथे मिळालेले उत्तर म्हणजे पहिली पायरी. विषबाधेतून वाचलेल्या माणसांची वर्षानुवर्षे तपासणी होत नाही, तोवर ते उत्तर अर्धेच.

माणसाच्या पेशी वापरता येतात का?

आता येतात. अपस्मारासारख्या आजारात शस्त्रक्रियेने काढावी लागणारी ऊती रुग्णाच्या लेखी संमतीने संशोधनाला मिळू शकते. मृत्यूनंतर दान केलेले मेंदू जपणारी मेंदूपेढी बंगळूरुच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून आहे. तिसरा मार्ग सर्वात नवा. माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना मूळ पेशींच्या अवस्थेत परत नेऊन त्यांच्यापासून मायक्रोग्लियासारख्या पेशी घडवण्याच्या पद्धती २०१६-१७ पासून उपलब्ध झाल्या आहेत. त्यामुळे एखाद्या रुग्णाच्याच पेशींवर औषध आजमावणे शक्य होते. अर्थात वेळ आणि पैसा दोन्ही बरेच लागतात. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी देशात नैतिक समितीची परवानगी बंधनकारक आहे, आणि कमीत कमी प्राणी वापरावेत हा दंडक आहे. मानवी पेशींचे पर्याय वाढतील तसा तो पाळणे सोपे होईल.

तोवर काय करायचे?

बशीतल्या पेशींतून औषध निघायला वर्षे लागतात. मूल तापाने फणफणले असेल आणि त्याला झटके, उलट्या किंवा गुंगी येत असेल, तर ‘सकाळी पाहू’ असे म्हणून थांबू नये. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. लखनऊच्या चाचणीने जे सुचवले तेही हेच, पहिला दिवस मोलाचा. चांदीपुरा वालुमाशीमुळे पसरतो. तिचे बस्तान भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात असते, त्या बुजवाव्यात, मुलांना मच्छरदाणीत झोपवावे. जपानी मेंदूज्वराची लस ज्या जिल्ह्यांत सरकारी लसीकरणात आहे, तिथे ती चुकवू नये. फवारणी वाऱ्याच्या दिशेने, अंग झाकून आणि मास्क लावूनच करावी, दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. मळमळ किंवा अंधारी वाटताच काम थांबवून कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डब्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

मेंदूतल्या जागल्याला कसे आवरायचे, हे विज्ञान शिकते आहे. त्याला चवताळण्याची वेळच येऊ न देणे, हे मात्र आजही आपल्या हातात आहे.